आठ डॉलर सुटे

टॉलिव्हर गावात चोऱ्या होत नाहीत असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. होतात की! ट्रॅक्टरचं डिझेल जातं, आणि दोन वर्षांमागे तर चर्चच्या छपरावरचा तांब्याचा पत्रा गेला. पण अग्निशमन दलाच्या शेडमधल्या कॉफीच्या डब्याला आजवर कुणाचा वाकडा हात लागलेला नाही. मार्च ते ऑक्टोबर, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शेडमधला बंब बाहेर काढतात, आत टेबलं मांडतात आणि अख्खं गाव तळलेला मासा खायला जमतं. दाराशी स्टुलावर तो डबा. ताटाचे पैसे आपल्या हाताने टाकायचे, सुटे आपल्या हाताने उचलायचे. कुणी मोजत नाही, कुणी बघत नाही. साठ वर्षांत डब्यात एक डॉलर कमी भरलेला नाही, आणि गावाला त्याची एवढी घमेंड, की पाहुणा आला की त्याला आधी डबा दाखवतात आणि मग मासा वाढतात.

आता ‘कुणी बघत नाही’ हे एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंतचं. तेव्हापासून डब्याशेजारी खुर्ची टाकून ट्रीव्हा स्टूप्स बसते. गुडघे दुखतात, आत गर्दीत बसवत नाही, असं ती सांगते. ट्रीव्हा म्हणजे गावच्या कचेरीची खजिनदार, लोकांनी मतं देऊन चार वेळा निवडलेली. तिचे गुडघे नेमके तेव्हापासून का दुखायला लागले हे गावाला ठाऊक होतं, आणि आर्लीन केसिंजरला तर सगळ्यांत जास्त.

कारण ट्रीव्हाच्या आधी खजिनदार आर्लीन होती. बारा वर्षं. गावाबाहेर ती निळी पाण्याची टाकी दिसते ना, जिच्यावर गावाचं नाव रंगवलंय, ती आर्लीनने राजधानीला चौदा खेपा घालून, साहेबांची डोकी खाऊन मिळवली. त्याआधी आमच्या नळाला गंजाचं पाणी यायचं. आणि त्याच टाकीच्या पाणीपट्टीतून तीन वर्षं, दर मंगळवारी, तिने पैसे खाल्ले. दोन्ही खरं आहे. माणसाचं असंच असतं, एका हाताने बांधतो आणि दुसऱ्या हाताने उपसतो.

मंगळवार अशासाठी, की म्हातारी माणसं त्या दिवशी रोख पट्टी भरायला यायची. ट्रीव्हा तेव्हा तिच्या हाताखाली होती. तिने पावतीपुस्तक आणि बँकेची स्लिप शेजारी ठेवून पाहिली आणि काय ते समजली. पण पाठीमागून वार करणं तिच्या रक्तात नाही. ती सरळ आर्लीनच्या टेबलाशी आली, पावतीपुस्तक पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, उद्या सकाळी मी राज्याच्या तपासनिसांना फोन करणार आहे, तुला आधी कळावं म्हणून सांगते. आर्लीनने पर्स उचलली. घरी गेली, नवऱ्यासाठी खिम्याचा मीटलोफ भाजला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कचेरीत येऊन तपासनिसांची वाट बघत बसली.

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, शिक्षा स्थगित झाली, पण अकरा हजार चारशे डॉलर परत करायचे ठरले. खजिनदारीण बाई टर्की कापायच्या कारखान्यात उभी राहिली. गार पाण्यात हात घालून घालून बोटं वाकडी झाली, पण नऊ वर्षं एक हप्ता चुकला नाही. शेवटचा चेक तिने टपालाने नाही धाडला. स्वतः कचेरीच्या खिडकीशी गेली, ट्रीव्हाच्या हातात दिला आणि पावती मागून घेतली. ‘पूर्ण भरणा’ असं ट्रीव्हाने पावतीवर लिहिलं. दोघी एकमेकींना ‘दिवस चांगला जावो’ म्हणाल्या आणि झालं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आर्लीनला बघून कळावं. शिक्षा झाल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी ती मासा खायला हजर होती, मान ताठ, केस नीट विंचरलेले. फक्त एक बदल. ताटाचे पैसे तिने घरून मोजून कागदी पाकिटात आणले होते, नेमके. पाकीट डब्यात टाकलं आणि पुढे गेली. सुटे घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. त्या दिवसापासून तिचा हात डब्याच्या काठाच्या आत कधी गेला नाही. ताट सहा डॉलरचं होतं तेव्हा सहा, दहाचं झालं तेव्हा दहा, आणि डब्याशेजारी ट्रीव्हा.

गेल्या ऑक्टोबरात घोळ झाला. तेलाचे भाव वाढले म्हणून ताट एकदम बाराचं केलं, आणि पाटी लावली ती त्याच संध्याकाळी. आर्लीनच्या पाकिटात दहा. पर्समध्ये दुसरी नोट होती ती विसाची. तिच्या मागे रांग थांबलेली. तिने पाकीट परत पर्समध्ये घातलं, विसाची नोट डब्यात टाकली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. आठ डॉलर तिचे होते. हात पुढे करायचा आणि उचलायचे, कुणीही केलं असतं. पण शेडमधली बडबड एकदम खाली बसली. आर्लीनने हात मागे घेतला, ताट उचललं आणि आत न बसता मोटारीत जाऊन बसली. प्रश्न आठ डॉलरचा नव्हताच. एकाहत्तराव्या वर्षी बाई मोटारीत बसून रडली, आणि रडू आवरल्यावर तिला स्वतःचा असा काही राग आला, की तिने तिथल्या तिथे ठरवलं: पुढचा उन्हाळा सरायच्या आत मी माझे सुटे माझ्या हाताने घेईन.

हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी, वाचनालयात, फुकट वकिलांचं शिबिर भरतं. जुने गुन्हे कोर्टाच्या दप्तरातून पुसून घ्यायचे, त्यासाठी. तिथे प्रुइट नावाची एक तरुण वकीलबाई होती, हुशार, भराभर बोलणारी. तिने समजावून सांगितलं, की एकदा पुसलं की दप्तर मोहोरबंद होतं. मग कुणी विचारायचं झालंच तर एवढंच विचारू शकतो, की पुसला न गेलेला एखादा गुन्हा तुमच्या नावावर आहे का. आणि आपण डोळ्याला डोळा देऊन ‘नाही’ म्हणायचं. मात्र आर्लीन पडली लोकनियुक्त अधिकारी. टपरीवरून सिगारेटी चोरणाऱ्याला सोपं आहे, पण लोकांच्या विश्वासाचे पैसे खाल्ले असतील तर सरकारी वकिलाची लेखी संमती लागते. आणि सरकारी वकील आधी गावाला विचारणार, कारण पैसे गावाचे होते.

“केसिंजरबाई, एक विचारू?” प्रुइट म्हणाली. “या वयात नोकरी तर करायची नाहीये. मग हे हवंय कशाला?”

“मासे खायला,” आर्लीन म्हणाली.

प्रुइट हसली; तिला वाटलं, बाई विनोदी आहे. मग तिने अर्ज लिहायला घेतला आणि विचारलं, पैसे घेतले कशासाठी? आर्लीनने तोंड उघडायच्या आतच तिने स्वतःच उत्तर दिलं. चौकशी करूनच ती आली होती ना. तुमच्या गावातली दोन माणसं मघाशी भेटली, म्हणाली, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी बिचारीने केलं. हे अर्जात आलंच पाहिजे, यानेच संमती मिळते. आणि तिने टाइप केलं: ‘पतीच्या दुर्धर आजाराच्या खर्चापायी व ताणामुळे हिशेबात झालेली चूक.’

आर्लीनने ते वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली.

आता खरं काय होतं ते सांगतो, कारण हे तोवर जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मेलेला. आर्लीनचा मुलगा कीथ, त्याचं लग्न ठरलं ते जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या मोटार-विक्रेत्याच्या मुलीशी. लग्न मुलीकडचे करणार, पण आदल्या रात्रीचं जेवण मुलाकडच्यांनी द्यायचं, ही रीत. नवरा मर्ल धान्याच्या कोठारावर कामाला. तो म्हणाला, आपल्या अंगणात डुक्कर भाजू, मक्याची कणसं उकडू, बिअरचं पिंप आणू, मजा येईल. आर्लीनला घाम फुटला. ती माणसं काय म्हणतील? गावची खजिनदार मी, टाकी बांधणारी, आणि व्याह्यांना कागदी ताटल्यांत जेवायला घालू? तिने क्लबातला हॉल घेतला. कोळंबी, पांढरे टेबलक्लॉथ, व्हायोलिनवाला. मर्लला सांगितलं, साठवलेले होते. ते पहिल्या काही मंगळवारांचे पैसे. आणि एकदा पायरी सोडली की माणूस कुठे थांबतो? मग व्याही घरी येणार म्हणून सोफा, मग नातीच्या बारशाला चांदीचा पेला, मग आणखी काय काय. तीन वर्षं.

मर्लला कॅन्सर निघाला तो हे सगळं उघडकीस आल्यावर चार महिन्यांनी. पण गाव काय तारखा लावत बसतं? गावाने दोन गोष्टी एका दोरीत ओवल्या. कोठारावर मर्लच्या तोंडावर माणसं म्हणायला लागली, नशीबवान आहेस लेका, बायकोने तुझ्यासाठी अब्रू घालवली. तो घरी आला, बूट काढले आणि ते सांगितलं. आर्लीन म्हणाली, मी उद्याच जाऊन सगळ्यांना खरं सांगते. त्यावर तो जे बोलला ते तिच्या काळजात रुतून बसलं. “राहू दे गं. माझ्या नावावर खपतंय तर खपू दे. मी किती दिवसांचा आहे?” चार वर्षं होता. चार वर्षं गावाची कीव झेलत हिंडला आणि बायकोचा आळ उशाशी घेऊन गेला.

त्यानंतर आर्लीनने ना कधी ‘हो’ म्हटलं, ना ‘नाही’. कुणी हात धरून ‘बिचारी’ म्हणालं की ती खाली बघायची. सोपं होतं ते. आणि आता तेच कागदावर आलं होतं, तिच्या सहीनिशी.

गावसभा एप्रिलातल्या दुसऱ्या सोमवारी, साडेसहाला. बाहेर अजून चांगला उजेड होता. पाच सभासद लांब टेबलामागे, मधोमध अध्यक्ष डेल हॉब्सन, कोठारावरचा मर्लचा जोडीदार. टेबलाच्या टोकाला ट्रीव्हा, कारण आलेली पत्रं मोठ्याने वाचून दाखवणं हे खजिनदाराचं काम. कुत्र्यांच्या भुंकण्याची एक तक्रार झाली, रस्त्यावरच्या खड्ड्यांची एक झाली, आणि मग आर्लीनचा अर्ज. पन्नासेक माणसं जमली होती; खड्ड्यांसाठी एवढी कधी येत नाहीत. प्रुइट आर्लीनच्या कानात पुटपुटली, की काळजी करू नका, मी सगळ्यांशी बोललेय, पाचही जण आपल्या बाजूने आहेत, तुम्हाला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

ट्रीव्हाने चष्मा लावला आणि वाचायला लागली. तिचं वाचणं म्हणजे हवामानाच्या बातम्या, चढ नाही उतार नाही. नाव, पत्ता, कलम, तारीख, रक्कम, परतफेड पूर्ण. मग आलं, ‘पतीच्या दुर्धर आजाराच्या खर्चापायी...’ आणि ट्रीव्हा थांबली.

चष्म्यावरून तिने आर्लीनकडे बघितलं. रागाने नाही, दयेने नाही. पावतीपुस्तक पुढ्यात ठेवताना एकोणीस वर्षांपूर्वी जसं बघितलं होतं, अगदी तसं. तिला तारखा पाठ होत्या, दुसरं कोण पाठ करणार?

“पुढे वाचू?” ट्रीव्हाने विचारलं.

आर्लीनच्या मनात काय चाललं असेल ते तिचं तिला ठाऊक. ‘वाच’ एवढं म्हटलं असतं तर पाच हात वर गेले असते आणि तिचं घोडं गंगेत न्हालं असतं. पण समोर डेल हॉब्सन बसला होता, मर्लचा जोडीदार, डोळे ओले करून, आणि ते ओले डोळे तिला सहन होईनात. ती उठली. प्रुइटने तिची बाही धरली, ती तिने हळूच सोडवली.

“नको वाचूस,” ती म्हणाली. “ते खोटं आहे. मी सही केलीय, पण ते खोटं आहे.”

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. जेवणाचं सांगितलं, कोळंबीचं, व्हायोलिनवाल्याचं, सोफ्याचं. मंगळवार सांगितले. चूक नव्हती, म्हणाली. चूक एकदा होते, ही मी दीडशे वेळा केली, आणि प्रत्येक वेळी दार लावून घेतलं. मर्लला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तो आजारी पडला त्याच्या चार महिने आधीच मी पकडले गेले होते. त्याच्या औषधांचे सगळे पैसे त्याच्या विम्यातून आणि त्याची बोट विकून भरले, गावाचा एक सेंट त्याच्या अंगाला लागलेला नाही.

“मोठेपणासाठी चोरी केली मी,” ती म्हणाली, “आणि एकोणीस वर्षं ती मेलेल्या माणसाच्या पदराखाली झाकली. तुम्हाला पुसायचं असेल तर मी जे केलं ते पुसा. जे केलंच नाही, ते पुसून घ्यायला मी आलेली नाही. आणि नसेल पुसायचं तर तसं सांगा, मी बारा डॉलर पाकिटात घालून येत जाईन.”

आणि ती खाली बसली. प्रुइटने कपाळाला हात लावला होता.

डेलने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? चर्चमधल्या एक वयस्क बाई सभासद होत्या, दर ख्रिसमसला आर्लीनला ‘बिचारी’ म्हणून केक देणाऱ्या. त्या म्हणाल्या, मला फसवल्यासारखं वाटतंय, मी संमती देणार नाही. केकचा हिशेब झाला म्हणायचा. त्यांच्या शेजारच्यानेही नकार दिला. एक शेतकरी म्हणाला, पैसे परत आले, टाकीचं पाणी मी रोज पितो, माझं ‘हो’. शाळेतल्या शिक्षिकेने नुसता हात वर केला. दोन आणि दोन.

राहिला डेल. मोठा माणूस, मान बैलासारखी, पण बोलायला लागला तेव्हा आवाज बारीक झाला होता. “मर्लला ते मीच म्हणालो होतो,” तो म्हणाला. “कोठारावर, सगळ्यांसमोर. बायकोने तुझ्यासाठी अब्रू घालवली, म्हणून. तो नुसता हसला.” त्याने नाक पुसलं. “एकोणीस वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात थोडा कमी लेखत आलो. आज तू त्याला मोकळा केलास आर्लीन. माझं ‘हो’ आहे. त्या ओळीशिवाय.”

ट्रीव्हाने लाल पेन काढलं, पट्टी लावून ती ओळ खोडली, शेजारी आर्लीनची सही घेतली आणि वेळ लिहिली: सात वाजून दहा मिनिटं. मग पुढे वाचायला लागली, त्याच आवाजात.

घरी आल्यावर आर्लीनने कीथला फोन केला. तो ओहायोत असतो. गावातून बातमी पोचायच्या आत आपण सांगावं म्हणून तिने सगळं सांगितलं. “आई,” तो म्हणाला, “त्या रात्री आपण काय जेवलो, मला आठवतही नाही. मला तर बाबा म्हणत होते तसं भाजलेलं डुक्करच हवं होतं.” आर्लीन त्यावर हसली, आणि हसता हसता ओट्याशी खाली बसली. अकरा हजारांची सुरुवात त्या जेवणापासून झाली होती, आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्या लक्षातसुद्धा नाही! याला म्हणतात हौस.

सरकारी वकिलाने महिनाभर ताटकळत ठेवलं. प्रुइटने फोनवर सांगितलं, की त्यांनी गावसभेचं इतिवृत्त मागवून घेतलंय, ट्रीव्हाने शब्द न् शब्द लिहून धाडलंय, आता काय होतं बघू, मी काही आशा देत नाही. मग मेअखेरीस सही आली. जूनमध्ये न्यायाधीशांचा हुकूम आला, दोन पानी. आर्लीनने तो वाचला, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या खणात, ट्रीव्हाने दिलेल्या पावतीखाली ठेवला. मग मर्लच्या कबरीवर जाऊन आली. तिथे ती काय बोलली ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

जुलैतला पहिला शुक्रवार. आर्लीनने निळा ब्लाउज घातला, ठेवणीतला. बँकेत जाऊन विसाची एक नोट घेऊन आली, कोरी. पाकीट घरीच ठेवलं. शेडपाशी आली तेव्हा रांग दरवाजाबाहेर होती, तळणीचा वास रस्त्यापर्यंत आलेला. पोस्टातल्या बायका तिच्याशी बोलल्या; केकवाल्या बाई बोलल्या नाहीत. तिचा नंबर आला. स्टूल, डबा, शेजारी खुर्चीत ट्रीव्हा, मांडीवर स्वतःचं ताट, तोंड रस्त्याकडे.

आर्लीनने नोट डब्यात टाकली. आणि आपलं दप्तर पुसलं गेलंय हे सगळं ठाऊक असूनही हात काही पुढे जाईना. कोर्टाचा हुकूम कागदावर होता, बोटांपर्यंत पोचलाच नव्हता. आतली बडबड ऑक्टोबरातल्यासारखीच खाली बसली.

“घे की,” ट्रीव्हा रस्त्याकडे बघतच म्हणाली. “मासा गार होतोय.”

आर्लीनने हात घातला. एक पाचाची नोट उचलली, मग एकेकाच्या तीन. सगळ्यांना दिसतील अशा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. छातीत काहीतरी एवढं मोठं झालं होतं, की तिला वाटलं ब्लाउजची बटणं तुटतील. अभिमानच तो. याच अभिमानापायी तिने चोरी केली होती, पण या वेळचा फुकटचा नव्हता, पुरती किंमत मोजून घेतलेला होता. आणि आर्लीनच ती, तिला खोडी काढल्याशिवाय कुठे राहवतंय?

“गुडघे कसे आहेत गं?” तिने विचारलं.

“गुडघ्यांना काय धाड भरलीय?” ट्रीव्हा म्हणाली. “गुडघे ठणठणीत आहेत. एकोणीस वर्षं इथे बसले. डबा एकदा, एकदा जरी कमी भरला असता, तर या गावाने नाव कुणाचं घेतलं असतं?”

एकोणीस वर्षं आर्लीनला वाटत होतं, ही बाई डबा राखतेय.

ट्रीव्हा उठली. खरंच, चटकन उठली, खुर्चीला हातसुद्धा न टेकवता. “मी आत जाते,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षं दारातल्या वाऱ्यात गार मासा खातेय. आज गरम खाणार आहे. तू बस इथे.” आणि ताट घेऊन आत गेली, मागे वळून न बघता.

रांगेतल्या एकाने आर्लीनचं ताट आणून तिच्या हातात दिलं. ती खुर्चीत बसली. पुढचा माणूस डेल हॉब्सन होता, हातात पन्नासाची नोट घेऊन. तो डब्यापाशी थांबला, तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. तेव्हा आर्लीन पुन्हा उठली, खुर्ची उचलून फिरवली आणि डब्याकडे पाठ करून बसली. टॉलिव्हरमध्ये डब्याकडे कुणी बघत नाही. मागे डेलच्या नोटा सळसळल्या, मग त्याच्या मागच्याच्या, मग आणखी कुणाच्या. समोर रस्त्यापलीकडे तिची टाकी दिसत होती. मासा गार झाला होता. तिने तो सगळा संपवला.